कोण, कशाला, किती दिवस?

आमच्या शेजारच्या घैसासला तुम्ही सहज म्हणून "काय, कसं काय?" असं विचारलंत, तर "ठीक चाललंय" हे उत्तर मिळत नाही. तो आधी थांबतो, तुमच्या मागेपुढे कोणी उभं आहे का ते बघतो आणि म्हणतो, "कोण विचारतंय, कशाला, आणि किती दिवसांसाठी?"

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जानेवारी होता, बाहेर उणे सत्तावीस होतं, आणि आम्ही दोघं आपापल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो. इथल्या कनाटा या उपनगरात घर घेऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. शेजारी मराठी निघाला म्हणून मी खुशीत होतो. चार शब्द बोलावेत म्हणून तोंड उघडलं, तर ही उलटतपासणी. नाकातलं पाणी गोठायच्या आत उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हणालो, "मी विचारतोय, शेजारी म्हणून, आणि आजच्यापुरतं." त्यानं समाधानानं मान हलवली. "मग हरकत नाही. आजच्यापुरता बरा आहे," म्हणाला आणि फावडं उचलून घरात गेला.

घैसास हे त्याचं खरं नाव नव्हे. त्याच्यावर लिहायची परवानगी मागितली तेव्हाही त्यानं हेच तीन प्रश्न विचारले आणि एका वर्षापुरती लेखी संमती दिली. अट एकच, सगळ्यांची नावंगावं बदलायची. तशी ती बदलली आहेत. "छापायला द्यायच्या आधी वाचून बघतोस का?" असं विचारलं, तर म्हणाला, "नको. मग मी वाचल्याची नोंद होईल." तेव्हा तुम्ही वर्षाच्या आत वाचून घ्या, पुढची जबाबदारी माझी नाही.

माणूस इथल्याच एका कंपनीत नोकरीला आहे. हॉस्पिटलांकडे पेशंटांची माहिती असते, संशोधन करणाऱ्यांना ती हवी असते, आणि ती देताना पेशंट कोण हे कोणाला कळता कामा नये. ही व्यवस्था ब्लॉकचेनवर बसवून देणं हा त्या कंपनीचा धंदा. बाकीचे लोक घरी येताना काम ऑफिसात ठेवून येतात. घैसास ते बरोबर घेऊन ग्रोसरीलासुद्धा जातो.

कॉफीच्या दुकानात कपावर लिहायला नाव विचारतात. घैसास दर वेळी वेगळं सांगतो. एकदा पीटर, एकदा अब्दुल, एकदा चक्क मार्गारेट. आणि मग स्वतःच विसरतो. "डेव्हिड! लार्ज कॉफी फॉर डेव्हिड!" असा पुकारा चाललेला असतो, आणि डेव्हिड माझ्या शेजारी उभा राहून मला म्हणत असतो, "लोक ऑर्डर देतात आणि निघून जातात बघ." फार्मसीत काउंटरवरच्या मुलीनं जन्मतारीख विचारली, की तो ती कागदावर लिहून दाखवतो आणि कागद परत खिशात घालतो.

त्याचं लग्न झालं आहे की नाही, हे आमच्या मराठी मंडळात कोणालाही ठाऊक नाही. माझी बायको वैशाली सात वर्षं या शोधात आहे. त्याच्या हॉलमध्ये एकही फोटो नाही. शू-रॅकवर एकाच मापाचे बूट आहेत. पण डिशवॉशरमध्ये दोन कप असतात, असा तिचा दावा आहे. "मम्मी, दॅट्स स्टॉकिंग," असं आमची मुलगी तिला सांगते. वैशालीच्या मते ही आपुलकी आहे.

असा माणूस त्या मंडळात आणून सोडला की काय होईल, याचा तुम्ही विचार करा. प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या आमच्या पॉटलकला ताटं वाढून झाली, की पाच मिनिटांत गाडी शुगरवर येते. "माझी फास्टिंग एकशे अठ्ठावीस." "हे काहीच नाही, माझी एकशे ऐंशी!" एकशे ऐंशीवाले सबनीस काका हा आकडा अशा थाटात सांगतात, की एकशे अठ्ठावीसवाल्याला तोंड लपवावंसं वाटतं. मग गुडघे येतात, पित्ताशयं येतात, आणि कढीपर्यंत प्रोस्टेट येऊन पोचतो. घैसास कासावीस होऊन हातात ताट घेऊन उभा राहतो.

"काका, ही माहिती तुम्ही आत्ता चौदा जणांना दिलीत. आता परत घेता येईल का?"

"परत कशाला घ्यायची?" सबनीस काका म्हणतात. "अजून पुष्कळ आहे. बस, सांगतो."

आम्ही सगळे हसायचो. दुखणं सांगितलं की हलकं होतं, असं ऐकत आम्ही वाढलो. कोणी आजारी पडलं की विचारपूस करायची, नाही केली तर तो रुसतो, एवढंच आमचं वैद्यकीय शिक्षण. आणि मग एक दिवस मी ती एक्सेल शीट पाठवली.

त्या वर्षी मंडळाचा सचिव मी होतो. आमच्या ज्येष्ठांची दर बुधवारी कम्युनिटी सेंटरमध्ये बैठक भरते, तिला कट्टा म्हणतात. कट्ट्याची बसनं सहल ठरली होती. वाटेत कोणाला काही झालं तर माहिती असावी म्हणून मी प्रत्येकाची दुखणी आणि गोळ्या लिहून घेतल्या. त्याच फाइलीत दुसऱ्या पानावर जेवणाची यादी होती, म्हणजे पुऱ्या कोण आणणार आणि बटाट्याची भाजी कोण. "ती यादी सगळ्यांना टाका हो," असा निरोप आला. मी टाकली. दोनशे घरांना, दोन्ही पानांसकट.

बहुतेकांनी ते हसण्यावारी नेलं. सबनीस काकांनी तर "माझं कोलेस्टेरॉल राहिलंय त्यात" म्हणून दुरुस्ती कळवली. पण त्या यादीत कुमुदताईंचंही नाव होतं. कुमुदताई सत्तरीच्या पुढच्या. नवरा गेला, एकुलता एक मुलगा नचिकेत नोकरीसाठी व्हँकुव्हरला गेला, आणि त्या इथे एका कॉन्डोत एकट्या राहतात. कट्ट्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसणारं माणूस म्हणजे कुमुदताई. त्यांच्या नावापुढे डिप्रेशनची गोळी लिहिलेली होती.

सहलीत एकीनं त्यांचा हात हातात घेऊन "पॉझिटिव्ह विचार करा हं" म्हटलं. दुसरीनं प्राणायामाचा व्हिडिओ पाठवला. आणि एका गृहस्थांनी, "ताई हसतायत, म्हणजे गोळी लागू पडली!" असा विनोद बसमध्ये सर्वांसमोर केला. पुढच्या बुधवारी कुमुदताई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी माफी मागायला फोन केला. "अहो, त्यात काय एवढं," असं त्या म्हणाल्या, पण आल्या मात्र नाहीत. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

घैसास आता मला फाडून खाणार, याची मी वाट बघत होतो. तो आला, बूट न काढता दारातल्या मॅटवर उभा राहिला आणि म्हणाला, "दोनशे घरांतून ते आता पुसता येणार नाही. निदान पुढचं तरी थांबवू. तू मदत करणार आहेस." माझी संमती त्यानं विचारली नाही. ती विचारण्याच्या लायकीचा मी राहिलो नव्हतो.

पूर्ण हिवाळा त्याच्या बेसमेंटमध्ये गेला. ऑफिसात जे हॉस्पिटलांसाठी करायचं, तेच त्यानं कट्ट्यावरच्या अकरा घरांसाठी छोट्या प्रमाणात केलं. नाव ठेवलं 'कडी'. चाचणी करायला माझ्याकडे खोटी रेकॉर्डं होती. शिवाय एक खरं असावं म्हणून त्यानं स्वतःचं रेकॉर्ड बघायची परवानगी मला दिली. 'कोण' या रकान्यात माझं नाव, 'कशाला' मध्ये 'चाचणी', आणि 'किती दिवस' मध्ये 'पुढील सूचनेपर्यंत'. माझं खोट्यांवर भागलं. त्याचं मी काही उघडलं नाही.

मार्चमध्ये त्यानं कट्ट्यावर सगळ्यांना टॅब्लेट घेऊन बसवलं.

"समजा, तुमच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाचा डबा आहे," तो म्हणाला. "डबा तुमच्या घरातून हलत नाही. पण कोणी झाकण उघडलं, की ते अकरा घरांच्या भिंतींवर लिहिलं जातं. एका भिंतीवरचं पुसलं तरी बाकीच्या दहांवर राहतं."

"म्हणजे आमच्या चाळीतल्या बायका," सबनीस काका म्हणाले.

"तेच. फक्त डबा कोणाचा आणि आत काय होतं, ते भिंतीवर येत नाही. नुसते नंबर. ते कोणाचे, हे फक्त डब्याच्या मालकाला कळतं."

"मग उपयोग काय?"

"उपयोग तोच आहे, काका!"

"आणि हे बिघडलं तर?"

घैसासनं चष्मा काढून पुसला. "माणसात बिघाड असतो. माझ्या यंत्रात बिघाड नसतो," तो म्हणाला. पुढे हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकवलं, की कट्ट्यावर कोणाचा चहा सांडला तरी लोक ते म्हणायला लागले.

कुमुदताईंकडे तो स्वतः गेला. कॉन्डोच्या लॉबीतून बझर दाबला आणि म्हणाला, "मी घैसास. तुमच्याशी बोलायची संमती आहे का?" "वर या की," त्या म्हणाल्या. "किती वेळासाठी?" यानं विचारलं. हे त्यांनीच नंतर हसतहसत सांगितलं. वर जाऊन त्यानं त्यांना समजावलं, की तुम्ही ज्याला परवानगी द्याल त्यालाच दिसेल, हे बनवलं मी तरी मलासुद्धा दिसणार नाही, आणि कोणी पाहिलं तर त्याची नोंद मला पुसता येणार नाही की खोटी घालता येणार नाही. कुमुदताई पुढच्या बुधवारी कट्ट्यावर आल्या. परवानगी त्यांनी एकालाच दिली, नचिकेतला.

घैसास हवेत होता. मॉन्ट्रियलच्या एका परिषदेत कंपनीतर्फे त्यानं हा प्रयोग मांडायचा असं ठरलं. बर्फ वितळावा म्हणून ड्राइव्हवेवर मीठ टाकताना तो "बोंझूर, मेदाम ए मेस्यू" असं फ्रेंच अभिवादन घोकत असायचा.

आणि मग आमच्या लोकांनी त्या यंत्राचं आमच्या पद्धतीनं मातेरं केलं. कोणी पाहू नये म्हणून घैसासनं कडी केली होती. कट्ट्यानं ती किती जणांनी पाहिलं हे मोजायला घेतली.

"आमच्या मुलीनं या आठवड्यात नऊ वेळा उघडलं."

"जावयानंसुद्धा! जावई बघतो म्हणजे बघा."

"माझी चौदा!" हे अर्थात सबनीस काका. त्यांनी घैसासलाही सोडलं नाही. "तुमचं किती हो?"

"माझं गोपनीय आहे," घैसास म्हणाला आणि वायरी गुंडाळायला लागला.

कुमुदताई या बोलण्यात नसायच्या. टॅब्लेट पर्समध्ये ठेवून त्या चहा गाळायला उठायच्या. मे महिन्यात एका बुधवारी आम्ही दोघं खुर्च्या आवरत होतो, तेव्हा त्या मागे रेंगाळल्या.

"घैसास, तुमच्या यंत्रात काही बिघाड आहे का हो?"

घैसासनं नेहमीच्या वाक्यासाठी तोंड उघडलं, पण त्यांनी टॅब्लेट पुढे केला. पान कोरं होतं. मार्चपासून एकही नोंद नव्हती.

"नचिकेत दर रविवारी फोनवर सांगतो, आई, मी बघत असतो, तुझे रिपोर्ट छान आहेत. मग ते इथे उमटत का नाही?" त्या हसल्या आणि कोरं पान बोटानं पुन्हा एकदा वरखाली सरकवून बघितलं. "तो खोटं कशाला बोलेल?"

घैसासनं टॅब्लेट त्यांना परत दिला. "बघून सांगतो," तो कसाबसा म्हणाला.

पार्किंगमध्ये आल्यावर मी म्हणालो, "नचिकेतला फोन कर. एकदा उघड म्हणावं बाबा."

"त्यांनी मला हे विश्वासानं दाखवलं. त्याला सांगायची परवानगी दिलेली नाही."

"मग एक नोंद घाल तिथे. कोणाला कळणार आहे?"

"घालता येत नाही. घालता येऊ नये म्हणूनच बनवलंय ना!" तो माझ्यावर ओरडला. सात वर्षांत पहिल्यांदा. मग गाडीतलं स्क्रेपर काढून तो काच खरवडत बसला. मे महिना होता, काचेवर बर्फाचा कणही नव्हता.

पुढच्या बुधवारी चहाच्या आधी तो उभा राहिला. हातात कागद नव्हता, लॅपटॉप नव्हता.

"कडीत बिघाड आहे," तो म्हणाला. "कोणी पाहिलं तरी कधी उमटतं, कधी उमटत नाही. नोंदींवर विश्वास ठेवू नका. मी ती बंद करतोय."

खोलीत गलका झाला. "आमचं तर नीट उमटतंय!" "मी आधीच म्हटलं होतं, असली थेरं हवीत कशाला?" "आणि म्हणे माझ्या यंत्रात बिघाड नसतो!" हे वाक्य चारी बाजूंनी त्याच्यावर आलं. तो मान खाली घालून उभा होता. सबनीस काकांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या चौदा खोट्या?"

"जास्तही असतील, काका," घैसास म्हणाला. काका एकदम खुलले.

ते यंत्र मी तीन महिने तपासलं होतं. त्यात एका अक्षराचाही बिघाड नव्हता. हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट माहीत असून गप्प बसलो.

"मी म्हटलं नव्हतं?" कुमुदताई सगळ्यांना सांगत होत्या. "नचिकेत बघतोच हो. मशीनच गंडलेलं होतं!" आणि त्या त्यांचं ते जुनं, मोठ्यानं हसणं हसल्या. माझे डोळे भरून आले, म्हणून मी खुर्च्या लावायला गेलो. खुर्च्या आधीच लावलेल्या होत्या.

मॉन्ट्रियल अर्थातच बारगळलं. "बॉसला काय सांगितलंस?" मी विचारलं. "पेशंटच्या हिताचं नव्हतं, असं सांगितलं," तो म्हणाला. बोंझूर थांबलं.

कुमुदताईंना मात्र त्याची फार दया आली. बिचाऱ्यानं एवढं खपून यंत्र केलं आणि ते चाललं नाही, म्हणून त्या दर बुधवारी त्याच्यासाठी खोबऱ्याच्या वड्या आणतात. "खचून जायचं नाही हं," असा धीर देतात. "प्रकृती कशी आहे?" असंही विचारतात. आणि घैसास इकडेतिकडे न बघता, तीनांतला एकही प्रश्न न विचारता, "बरी आहे, कुमुदताई," असं सांगतो. मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

यंदा नोव्हेंबरात, पहिला बर्फ पडला त्या रविवारी सकाळी मी जुना टॅब्लेट कोणाला देऊन टाकावा म्हणून साफ करत होतो. कडी त्यावर अजून होती. कट्ट्यावरची घरं घैसासनं बंद केली होती, पण त्याचं आणि माझं चालूच होतं. माझ्या नावावर एकच परवानगी शिल्लक होती. कोण, मी. कशाला, चाचणी. किती दिवस, पुढील सूचनेपर्यंत. ती सूचना त्यानं कधी दिलीच नव्हती. चाचणीची परवानगी असल्यामुळे, एरवी फक्त मालकाला दिसतं ते, त्यानं आणखी कोणाकोणाला परवानगी दिली आहे, तेही मला खाली दिसत होतं. कोणालाच नाही. आणि त्याचं रेकॉर्ड आजवर कोणी पाहिलं, ते पान कोरं होतं. 'माझं गोपनीय आहे' म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. पहिल्या हिवाळ्यापासून मी त्याच्या भिंतीला भिंत लावून राहतो, आणि त्याची प्रकृती मी आजच्यापुरतीच विचारत आलो होतो.

मी ते उघडलं. आत काय होतं ते सांगणार नाही, तेवढी संमती मला नाही. वैशाली मागून येऊन डोकावली. "काय आहे? लग्नाचं काही लिहिलंय?" मी टॅब्लेट पालथा घातला आणि म्हणालो, "कोण विचारतंय, कशाला, आणि किती दिवसांसाठी?" त्या दिवशी मला चहा स्वतःच करून घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं शोव्हल करत होतो. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "काल नऊ वाजून दहा मिनिटांनी माझं रेकॉर्ड कोणीतरी उघडलं."

"मीच."

"कशाला?"

"उगाच. कसा आहेस ते बघायला."

त्याचं फावडं थांबलं. "किती दिवस?"

"रोज सकाळी चहाबरोबर बघीन म्हणतो."

तो चष्मा काढून पुसायला लागला, आणि त्या थंडीत तो पुसून काही साफ होईना. मलाच अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, "नको असेल तर असं समज, की तुझ्या यंत्रात बिघाड आहे. कोणी पाहिलंच नाही."

"माझ्या यंत्रात बिघाड नसतो," घैसास म्हणाला. मग तो माझ्या ड्राइव्हवेच्या टोकाला गेला, जिथे रस्ता साफ करणारा पालिकेचा प्लाऊ बर्फाचा ढीग टाकून जातो, आणि मला न विचारता तो उपसायला लागला.